रंगूनच्या मातीत मीठ

कोणी परदेशी निघालं की लोक पगार विचारतात, बोटीचं भाडं विचारतात, तिकडे आपली माणसं किती ते विचारतात. आमच्या घरी पहिला प्रश्न निघाला तो मातीचा. आम्ही अकोल्याचे माळी. मोर्णेच्या काठाला सासऱ्यांची वाडी होती, तिच्यात वांगी, मेथी, कोबी आणि दसऱ्याला झेंडू. त्या घरात खुरपं सोडून पाना हातात घेतलेला एकटा माझा नवरा. कापसातून सरकी काढायच्या कारखान्याला आमच्याकडे जीन म्हणतात, तिथे तो फिटर होता. कापसाचा हंगाम सरला की जीन बंद व्हायचं आणि हा पुन्हा थोरल्या भावाच्या हाताखाली वाफ्यांना पाणी द्यायचा. त्याला बारा महिने यंत्राजवळ राहायचं होतं. मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं, आणि तेही असं की मागे राहणाऱ्यांना झोंबलं पाहिजे.

नवऱ्याला मी इथे एकेरीच लिहिणार आहे. तोंडावर जन्मभर अहो-जाहो केलं, तेवढं पुरे.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी विशीतली, पदरात दीड वर्षाची मुलगी. माहेर अमरावतीला. माझा बापही माळीच, त्याची फुलं अंबादेवीच्या देवळात जायची. आमच्यात एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत फुलाच्या घरातला हात कोणी हलवत नाही. त्या दहा दिवसांत लेकीला माहेरी नेत नाहीत, पाहुणा जात नाही, सोयरीक बोलत नाहीत. वर्षाचा झेंडू त्या दहा दिवसांत उतरवायचा असतो. बाळंतीण सोडली तर सगळ्या बाया वाडीत असतात.

निघायच्या आदल्या वर्षी त्याच दिवसांत माझा बाप आजारी पडला आणि नवमीला गेला. मला कळलं ते दसऱ्याला, गावाहून माणूस आला तेव्हा. बडनेऱ्याला गाडी बदलून मी अमरावतीला पोचले तोवर राख सावडायची तेवढी उरली होती. भाऊ मला दारातच म्हणाला, "कार्ड टाकून चार दिवस झाले व. काहून नाई आली?"

मी म्हटलं, कार्ड आलंच नाही.

"कसं नाई आलं? बाबानं मास्तराकडून लिहून घेतलं, म्या सोताच्या हातानं पेटीत टाकलं."

अकोल्याला परत आल्यावर मी जाऊबाईंना विचारलं. नवऱ्याच्या थोरल्या भावाची, म्हणजे भासऱ्यांची ही बायको, घराच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. त्या म्हणाल्या, "कोनतं कार्ड? मले नाई मालूम बापा." आणि महिन्याभराने हळकुंडं काढायला मी त्यांचा डबा उघडला, तर तळाला कार्ड. हळदीने पिवळं पडलेलं, पण अमरावतीचा शिक्का मला ओळखता येत होता, कारण बापाची दोन-तीन कार्डं माझ्या पेटीत होती. तेव्हा मला वाचता येत नव्हतं. अक्षरं मी पुढे आफ्रिकेत शिकले, रागानेच शिकले, की पुन्हा माझं कार्ड दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नये. त्या दिवशी वाचून घ्यायची गरजही वाटली नाही. बाप आजारी आहे, या, याहून त्यात वेगळं काय असणार? झेंडू पडून राहू नये म्हणून यांनी माझा बाप माझ्याशिवाय मरू दिला, एवढं मला त्या पिवळ्या कागदावरून लख्ख कळलं. मी कार्ड होतं तिथे ठेवलं, वर हळकुंडं रचली आणि डबा लावला. नवऱ्याला बोलले नाही. तो भावापुढे मान वर करणारा नव्हता, त्याच्या कानावर घालून काय उपयोग, असं मला वाटलं. लग्नात आईने म्हटलेलं होतं, साप म्हणू नये धाकला, नवरा म्हणू नये आपला. मी मात्र डूख धरला तो जाऊबाईंवर आणि भासऱ्यांवर.

वर्षभर मी तो पोटात सांभाळला. भाकरी थापताना, वांगी तोडताना, जाऊबाईंच्या डोक्याला तेल लावताना माझं एकच चालायचं. यांना कशाने लागेल? शिव्यांनी लागलं नसतं, त्या घरात शिव्या मिठासारख्या वापरात होत्या. वेगळं निघून लागलं नसतं, भिंत घातली असती आणि संपलं असतं. नवरा कुठेतरी बाहेरदेशी जायचं म्हणू लागला तेव्हा मला वाट दिसली.

जागा दोन होत्या. रंगूनला जाऊबाईंचा सख्खा भाऊ होता. त्याची भाजीची वाडी होती आणि एका भातगिरणीत ओळख होती, तिथे फिटर हवा होता. भासऱ्यांना हे फार पसंत. धाकटा भाऊ आपल्याच मेव्हण्याच्या नजरेखाली राहील, वर्षाआड घरी येईल, हंगामाला बोलावला तर नाही म्हणणार नाही. जाऊबाई तर मला आत्ताच सांगू लागल्या होत्या, "माया भावजयीच्या हाताखाली राहाजो. ते सांगन थे करजो." दुसरी जागा आफ्रिकेत, युगांडात. धामणगावच्या जिनात नवऱ्याबरोबर काम केलेला एक मिस्त्री तिथे जाऊन चार वर्षं झाली होती. तिकडे कापूस पिकतो, जीन आहेत, माणूस मिळत नाही, बायकोपोरासकट ये, असं त्याने कळवलं होतं. तो मिस्त्री सोडला तर तिथे आमचं कुत्रंही ओळखीचं नव्हतं. बोटीने समुद्र ओलांडायचा, मग आगगाडीने आत जायचं. एकदा गेलेला माणूस हंगामाला काय, मयतालाही येत नाही.

मला आफ्रिका हवी होती. कशासाठी, ते उघड आहे. भासऱ्यांना अपत्य नव्हतं. हा भाऊ त्यांनी लेकरासारखा वाढवलेला. आणि माझी मुलगी जाऊबाईंच्या कमरेवरून उतरत नसे, किल्ल्या एका बाजूला, पोर दुसऱ्या बाजूला. ही दोन माणसं एका दमात उचलून त्यांच्या डोळ्यांआड न्यायची, मयताच्या वेळीही दिसणार नाहीत इतकी लांब. मग कळेल, असं मी मनात म्हणायची, आणि मला बरं वाटायचं. आज लिहितानाही ते बरं वाटणं आठवतं, लाज वाटत नाही.

पण ठरवणार होते सासरे. नवऱ्याने त्यांना दोन्हीकडचा पगार सांगायला सुरुवात केली तेव्हा म्हाताऱ्याने हात वर केला.

"पगार राहू दे. पगार आज हाय, उद्या नाई. माती कशी हाय थे सांग."

"बाबा, मले तिकडं यंत्रावर काम करा लागते. मातीचं काय काम?"

"यंत्र बंद पडलं त काय लोखंड खाशीन? माळ्याचं पोट्टं तू. काम गेलं त दुसऱ्या दिवशी चार वाफे लावता आले पायजे. दोहीकडून माती मागव."

शेजारपाजारच्या माळ्यांना यात काहीच नवल वाटलं नाही. उलट संध्याकाळी येऊन ते विचारायचे, आली का माती? जिनातले लोक मात्र नवऱ्याला हसले. त्याने मुकाट्याने दोन पत्रं टाकली. रंगूनहून मांजरपाटात शिवलेली पुरचुंडी आली, आफ्रिकेहून बिस्किटाचा डबा. सासऱ्यांनी दोन्हीतली चिमूटभर जिभेवर ठेवली. रंगूनची माती राखट, मऊ. आफ्रिकेची तांबडी, गेरूसारखी. "दोन्ही गोड हाय," ते म्हणाले, आणि जाऊबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळलं की त्यांना रंगूनचीच गोड हवी होती.

ती माती आली पितृपक्षात. सासऱ्यांनी ठरवलं की घटाबरोबरच पेरायचं. घट बसला, त्याच्या डावीकडे परळात, म्हणजे मातीच्या पसरट ताटलीत, रंगूनची माती, उजवीकडच्या परळात आफ्रिकेची. दोन्हीत एकाच पुडीतली मेथी, मोजून सारखी. आठव्या माळेला जिची मेथी चांगली ती माती आपली, तिकडे जायचं. देवीसमोर होतं म्हणून कोणी वाद घातला नाही. घटाला पाणी घालायचं काम धाकट्या सुनेचं, म्हणजे माझं.

तिसऱ्या माळेला दोन्हीकडे कोंब वर आले. रंगूनचे जरा अधिकच तरारले होते. जाऊबाई कौतुकाने म्हणाल्या, "पाह्य व, माया माहेरची माती." मी हो म्हटलं. त्या दिवसापासून रंगूनच्या परळात मी मिठाचं पाणी घालू लागले. सगळे सकाळी वाडीत गेले की मी आत यायची, आधी घटाला साधं पाणी, मग आफ्रिकेला साधं, मग पदराआडच्या वाटीतलं रंगूनला. देवीसमोर करते आहे हे मला कळत होतं. हिच्याच फुलांच्या हंगामात माझा बाप गेला, हिला मी काय म्हणून भ्यायचं, असं मी तिच्या तोंडावर म्हटलं.

सहाव्या माळेला रंगूनची मेथी शेंड्याकडून पिवळी पडली. सातव्याला माना टाकल्या. जाऊबाई दोन वेळा घटासमोर येऊन बसल्या. त्यांना तसं बसलेलं पाहून मला जेवण गोड लागलं.

आठव्या माळेला घरातले सगळे देवापुढे जमले. आफ्रिकेची मेथी वीतभर नव्हती, पण हिरवीगार उभी होती. नवऱ्याचा चेहरा खुलला. सासरे मात्र रंगूनच्या परळावर वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी बोटाने माती उकरली आणि चिमूट जिभेवर ठेवली. ही चूक माझी. ज्या म्हाताऱ्याने साठ वर्षं माती चाखून वाफे पाडले, त्याच्या घरात मी मातीत मीठ कालवलं होतं.

"ही माती खारी नोती," ते म्हणाले. "पानी कोन घालते?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भासऱ्यांसमोर मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं, आमच्यात धाकटी सून भासऱ्यांपुढे बोलत नाही. मी डोक्यावरचा पदर मागे सारला.

"म्या घातलं मीठ," मी म्हटलं.

"काहून व?" सासऱ्यांचा आवाज चढला नाही. त्यानेच मी भडकले.

मी आत गेले, हळकुंडांचा डबा आणला आणि तिथे, देवीपुढे, उपडा केला. हळकुंडं घरंगळली, वर ते कार्ड पडलं. "याच्यासाठी. माया बाप मरून राहिला होता आन् तुमी माह्या हातानं झेंडू तोडून घेतला. चार दिवस कार्ड दडवलं. मले रंगूनले नाई जायचं, हिच्या भावाच्या दारात नाई राहायचं. तुमाले माया पोरीचं तोंड दिसू नाई इतक्या लांब जायचं हाय मले."

भासरे उठून बाहेर गेले. जाऊबाई रडतील असं मला वाटलं होतं. वर्षभर मी त्यांचं ते रडणं कितीतरी वेळा पाहून ठेवलं होतं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी कार्ड उचललं, उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "ठेवलं म्या. खोटं नाई बोलत. पन मले अक्षर येते काय व? याच्यात तुया बाप बिमार हाय, हे मले कोनं सांगतलं असन?"

सासऱ्यांना अक्षर येत नव्हतं. भासऱ्यांना सहीपुरतं येत होतं. त्या घरात कार्ड वाचणारा माणूस एकच होता.

तो खाली पाहत होता. जाऊबाईंनी कार्ड त्याच्यापुढे धरलं, त्याने ते घेतलं आणि न वाचता खिशात घातलं.

"तुमाले मालूम होतं?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. हो अशी.

वर्षभर मी ज्याच्या शेजारी झोपले, ज्याला घेऊन पळून जायचं म्हणून मी देवीच्या परळात मीठ घातलं, तो पहिल्या दिवसापासून जाणत होता. माझा राग एकदम जागा बदलून बसला. जाऊबाई मला तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या कोणी शेजारीण वाटल्या.

सासऱ्यांनी दोन्ही परळ उचलून तुळशीत रिकामे केले. येऊन बसले आणि मला म्हणाले, "देवाची साक्ष तू खोटी पाडली. आता माती काई सांगनार नाई. तूच सांग, कोठी जातं. पन मंग रडत येजो नोको."

सून म्हणून इतका मान मला त्या घरात आधी कधी मिळाला नव्हता, आणि मिळाला तो शिक्षा म्हणून. मी विचार केला, खरंच केला. पोर घेऊन अमरावतीला निघून जाता आलं असतं. तसं केलं तर नवरा चार दिवस उदास राहिला असता, मग भाऊ, भावजय, बाप, जिनातले दोस्त, सगळ्यांनी मिळून त्याला सावरलं असतं. रंगूनला जाऊबाईंचा भाऊ होता, तिथेही त्याला टेकायला खांदा मिळाला असता. आफ्रिकेत त्याचं रक्ताचं कोणी नव्हतं. तिथे त्याला सकाळ-संध्याकाळ माझंच तोंड पाहावं लागणार होतं.

"आफ्रिका," मी म्हटलं.

जाऊबाईंनी त्या वेळी मुलीला उचलून घेतलं आणि आत गेल्या. त्यांना वाटलं, मी त्यांच्यावर सूड उगवला. मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. मुंबईला बोटीत चढलो, खालच्या वर्गात, डेकवर चटई टाकून. दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याला बोट लागली. पाणीसुद्धा पोटात ठरेना. मी त्याच्यापुढे भांडं धरायची, तोंड पुसायची, लिंबू चोखायला द्यायची, कशातही कमी केलं नाही. आणि रोज सकाळी एक प्रश्न विचारायची, फक्त एक. उठून जायला त्याला जागा नव्हती, चहूकडे पाणी होतं.

पहिल्या दिवशी विचारलं, कार्ड आलं तेव्हा कोणता वार होता? म्हणाला, बुधवार. दुसऱ्या दिवशी विचारलं, वाचलं तेव्हा उभे होते की बसून? म्हणाला, विहिरीच्या कठड्यावर बसून. तिसऱ्या दिवशी विचारलं, मी तेव्हा काय करत होते? त्याने डोळे मिटले. म्हणाला, "समोरच्या वाफ्यात झेंडू तोडून राहिली होती. गाणं म्हनत होती." त्यानंतर तो बराच वेळ ओकला आणि मी पाठ चोळत बसले. मला समाधान होतं. असे दहा दिवस काढायचे, मग तिकडे गेल्यावर अशी वर्षं काढायची, एवढंच माझं पुढच्या आयुष्याचं ठरलेलं होतं.

चौथ्या दिवशी मी विचारायच्या आधी तो उठून बसला. ट्रंकेतून कार्ड काढलं. मी म्हटलं, आता कशाला? तो म्हणाला, "आयक. एकडाव आयकून घे." आणि त्याने वाचलं. मास्तरांची पुस्तकी भाषा, पण बोलणारा माझा बाप.

"मला ताप आहे, पाच दिवस उतरत नाही. हे आपणांस माहितीसाठी. हंगामाचे दिवस आहेत, दसऱ्याची फुले उतरल्याखेरीज मुलीस पाठवू नये. फुलाच्या घरातला हात आम्ही हलवू इच्छीत नाही. तिला कळवूही नये. कळल्यास ती थांबणार नाही."

मी ते त्याच्याकडून तीनदा वाचून घेतलं.

"मंग मागून काहून नाई सांगतलं?" मी विचारलं. "वर्षभर कुढून राहिली मी. तुमाले दिसत नोतं?"

"वैनीले म्या सांगतलं, कार्ड लपवून ठेव म्हनून. ते बापडी गप्प राहिली," तो म्हणाला. "तुले आमच्यावर राग आला त येऊ दे, वाटलं. बापावर नोको. थो आता कोठी येते समजवाले?"

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मी म्हटलं, "येऊ नोको म्हनाले कोनी कार्ड लिवते काय? यायचंच नसन त मानूस चूप राहाते. मास्तराच्या दारी जाऊन लिवून घेतलं, त्याचा अर्थ तुमाले नाई समजला?"

"लिवलं होतं तसं म्या वाचलं," तो म्हणाला. यंत्राचा आवाज जरा बदलला की हा माणूस मध्यरात्री उठून तेल घालायला जायचा. माझ्या बापाचा आवाज त्याला ऐकू आला नाही. तो पुन्हा आडवा झाला आणि मी त्याच्यापुढे भांडं सरकवलं.

जाऊबाईंना मी पुढे कार्ड लिहिलं, पण माफी मागितली नाही. नवऱ्यालाही पुरतं सोडलं नाही, तसं कोणी समजू नये. पण त्या दुपारी मी दोघांनाही विसरले. मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती, नवरा कण्हत होता, आणि मी पाण्याकडे तोंड करून बापाला शिव्या देत होते, मोठ्याने, येतील तेवढ्या. तुला झेंडूची लाज वाटली, फुलाच्या घरची रीत मोडायची लाज वाटली, आणि मी? मला बोलवायचं होतं तर बोलवायचं होतं ना सरळ. शेजारच्या चटईवरची बाई घाबरून विचारू लागली, कोणाला बोलता? मी तिला सांगितलं, माझ्या बापाला. ती म्हणाली, तो कुठे आहे? मी म्हटलं, अमरावतीला, आणि पुढे बोलतच राहिले, कारण तो मेला हे तिला सांगितलं असतं तर मला थांबावं लागलं असतं.